पुढची कुदळ तुमची

उच्च शिक्षणाचा पाया त्यागावर उभा असतो, असे मी आयुष्यात पुष्कळ व्यासपीठांवरून ऐकले आहे आणि आता या वयात मलाही ते मान्य आहे. आमच्या महाविद्यालयात मुलींच्या वसतिगृहाचा पाया मी शिकत असतानाच अनेकदा घातला गेला आणि प्रत्येक वेळी त्याग करावा लागला तो नारळाला. बाकी कोणाचे फारसे काही गेले नाही. नारळ फुटायचा, पाहुणे रिबीन बांधलेली कुदळ उचलून मातीला हलकेच टोचायचे, टाळ्या व्हायच्या, आणि वसतिगृह पुढच्या पाहुण्यांची वाट पाहत जमिनीखाली पुन्हा झोपी जायचे.

हे नारळ पुढे कुठे जातात ते मला ठाऊक होते, कारण मी ते खात होते. मी मंद्रूपची. शिकायला सोलापुरात आत्याकडे राहत होते. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात. हे मामा त्याच महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरीला होते आणि संस्थेच्या सगळ्या समारंभांची व्यवस्था त्यांच्या गळ्यात होती. मंडप, माइक, हार, शाली, पाहुण्यांच्या खुर्चीवर टाकायचा पांढरा टॉवेल, सगळे मामा बघत. फुटलेले नारळ आणि जास्त झालेले न फुटलेले नारळ कापडी पिशवीतून घरी येत. त्यामुळे संस्थेची प्रगती आम्हाला ताटात दिसायची. वार्षिक स्नेहसंमेलन झाले की आमटीत खोबरे, कुलगुरू येऊन गेले की भाजीत खोबरे, आणि भूमिपूजन असले की पुढचे काही दिवस भाकरीसोबत शेंगाचटणीऐवजी नारळाची चटणी. आत्या पाट्यावर वरवंटा आपटत म्हणायची, “शेंगाच्या मुलखात मला खोबरं वाटाय लावलं ह्या माणसानं. मंद्रुपात कुणी ऐकलं तर म्हणतील, पोरगी कोकणात दिली का काय.” मामा कार्यालयीन मराठीत उत्तर देत, “संस्थेचा प्रसाद आहे तो. नाकारता येत नाही.” त्यांच्या घरातल्या उशांना सत्काराच्या शालींचे अभ्रे होते. माझ्या उशीच्या एका कोपऱ्यात जरीची किनार होती आणि ती सकाळी गालावर उमटलेली असे.

घर दीड खोलीचे. भिंतीपलीकडे एका तेलुगू कुटुंबाचे यंत्रमाग चालत, टॉवेल आणि चादरींचे. सकाळपासून तो खटाक-खट आवाज भिंतीतून, जमिनीतून, पाण्याच्या हंड्यातून यायचा. हंड्यातले पाणी कधी स्थिर पाहिल्याचे मला आठवत नाही. आम्ही सगळे मोठ्याने बोलत असू आणि ते आम्हाला हळूच वाटे. अजूनही माझा फोन आला की सून तो कानापासून वीतभर लांब धरते. वीज गेली की मात्र माग एकदम थांबत आणि त्या क्षणी जो बोलत असेल त्याचे वाक्य साऱ्या गल्लीत उघडे पडे. एकदा मामांचे “अध्यक्षसाहेबांना काय कळतंय त्यातलं” असे पडले. मामांनी लगेच तितक्याच मोठ्याने पुढे जोडले, “असं म्हणणाऱ्यांना साहेबांची दूरदृष्टी माहीत नाही.” समारंभांची व्यवस्था त्यांच्याकडे उगाच नव्हती.

मी विद्यार्थी प्रतिनिधी झाले ते या मामांमुळेच. महाविद्यालयाच्या कारभारात विद्यार्थ्यांचाही सहभाग हवा, असा विचार वर कुठेतरी झाला आणि खाली येईपर्यंत त्याचा नियम झाला. विकास समितीत एक विद्यार्थी बसवणे आले. प्राचार्यांनी मामांना विचारले, “तुमची ती भाची. फार बोलते का?” मामा म्हणाले, “घरात तर तिचा आवाज ऐकू येत नाही, सर.” मागांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने दिलेली ही माहिती अगदी खरी होती. माझी निवड झाली.

समितीच्या बैठकीत लांब टेबल असे, काजूची बिस्किटे असत, आणि बैठक सुरू होण्याआधीच टाइप होऊन आलेला बैठकीचा वृत्तान्त असे. त्यात माझ्या वाट्याला एक वाक्य होते. “विद्यार्थी प्रतिनिधींनी आनंद व्यक्त केला.” ग्रंथालय संध्याकाळी लवकर बंद करण्याचे ठरले, तेव्हा मी आनंद व्यक्त केला. विनाअनुदानित अभ्यासक्रमांचे शुल्क वाढले, तेव्हाही केला. प्रयोगशाळेत गॅस नाही म्हणून स्पिरिटच्या दिव्यांवर भागवावे असे ठरले, तेव्हा तर मी विशेष आनंद व्यक्त केलेला आढळतो. बिस्किटे मात्र खरोखरच चांगली असत.

तिथे बसून मला आपल्याकडच्या उच्च शिक्षणाची रचना समजली. जमीन संस्थेची, प्राध्यापकांचे पगार सरकारचे, परीक्षा विद्यापीठाची. गळक्या छताचा विषय निघाला की संस्था म्हणे, अनुदान सरकार देते, त्यांनी बघावे. सरकार कळवे, इमारत संस्थेची आहे, त्यांनी बघावे. विद्यापीठ कळवे की आपले पत्र मिळाले. एकूण काय, तर छत कोणाचे हे शेवटपर्यंत ठरत नसे, आणि खाली ठेवलेली बादली विद्यार्थ्यांनी आपसात ठरवून रिकामी करायची असे. मुलींचे वसतिगृहही असेच गेले होते. पूर्वी ते होते, सरकारी अनुदानातून बांधलेले. पुढे संस्थेने विनाअनुदानित संगणक विभाग काढला. संगणकांना थंड हवा लागते, धूळ चालत नाही, शांतता हवी, असे कळल्यावर मुलींना तिथून हलवून संगणकांना आणून ठेवले. मुलींसाठी नवे वसतिगृह बांधायचे ठरले आणि तेव्हापासून त्याचे भूमिपूजन चालू होते.

हे सगळे मी आजच्यासारखे हसत पाहिले असते, पण माझ्या बाकावर भौरम्मा बसायची. अक्कलकोटपलीकडच्या मैंदर्गीची. वडील मेंढरे राखायचे, थोडी कोरडवाहू जमीन. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि रसायनशास्त्र इंग्रजीत, हे सगळे ती एकाच सुरात बोलायची, लांबवर चाललेल्या मेंढराला हाक मारल्यासारखे. तिचा हात विलक्षण स्थिर होता. आमचे द्रावण भसकन गुलाबी व्हायचे, तिचे एका थेंबावर थांबायचे. पण प्रात्यक्षिक दुपारी असायचे आणि तिच्या गावाची शेवटची सोयीची एस.टी. प्रात्यक्षिक संपायच्या आत सुटायची. रोज कुठल्यातरी निर्णायक थेंबापाशी भौरम्मा ब्युरेटची काचेची नळी माझ्या हातात देऊन पळायची आणि तिच्या प्रयोगावर “अपूर्ण” असा शेरा पडायचा. त्या वर्षी तिच्या वडिलांनी सांगून टाकले होते की दिवाळीपर्यंत राहायची सोय झाली तर शिक्षण, नाहीतर घरी.

“आमच्याकडं राहा की,” मी म्हणायची.

“अप्पा न्हाय म्हणतोय. लोकाच्या घरात पोरगी ठेवायची न्हाय. सरकारी खोली असली तर ठेवतो म्हणतोय.” मग ती मला कोपर मारायची. “तू हाईस की समितीत. काय करतीस तितं?”

“आनंद व्यक्त करते.”

“लई करतीस बघ.”

दिवाळीच्या अलीकडे पुन्हा एक भूमिपूजन ठरले. या वेळचे पाहुणे मोठे होते. मुंबईहून येणार होते, आणि वसतिगृहाला निधी देण्याचे त्यांनी तोंडी कबूल केले होते. एरवी भूमिपूजन पाठीमागे पाण्याच्या टाकीजवळ व्हायचे, वसतिगृहाची जागा ती होती. पण या पाहुण्यांचे गुडघे दुखत होते आणि टाकीपर्यंत मोटार जात नव्हती. मामांनी मार्ग काढला. मंडप पुढेच टाकायचा, संगणक विभागाच्या काचेच्या दारासमोर, जिथे अध्यक्षसाहेबांची मोटार उभी राहते तिथे. पाहुणे मोटारीतून उतरले की दोन पावलांवर पूजा. “कार्यक्रमापुरतं आहे,” मामा म्हणाले, आणि समितीने ते मान्य केले. (आनंद व्यक्त झालाच.)

आदल्या संध्याकाळी मी मामांना मदत करायला गेले होते. पाहुण्यांना वसतिगृह नुसते सांगून चालणार नाही, दिसलेही पाहिजे, असे मामांच्या मनाने घेतले. पांढऱ्या फक्कीने जमिनीवर खोल्या आखायच्या. मोजायचा टेप नव्हता. मंडपवाल्याने लहान सतरंज्यांचा गठ्ठा टाकला होता. मामांनी त्या जमिनीवर ओळीने मांडल्या, मधे चालायला वाट सोडली, समोर तशीच दुसरी ओळ लावली, आणि प्रत्येक सतरंजीच्या कडेने फक्की ओतत गेले. मग सतरंज्या उचलून व्यासपीठावर अंथरल्या. खाली चौकोनांचे वसतिगृह उरले. थोडे तिरके होते, कारण मामांनी ते फोटोग्राफर जिथे उभा राहणार होता तिकडे तोंड करून आखले होते. मी विचारले, “मामा, खोल्या लहान नाही वाटत?” मामा लांब जाऊन, डोळे बारीक करून म्हणाले, “फोटोत मोठ्या दिसतात.”

दुसऱ्या दिवशी सगळे यथासांग झाले. नारळ फुटला, पाहुण्यांनी माती टोचली. अध्यक्षसाहेब भाषणाला उभे राहिले. पांढरे कपडे, भरदार आवाज. बोलताना ते स्वतःलाही थोडे ऐकत असत. शेवटी मुलींकडे हात करून ते म्हणाले, “या पवित्र भूमीत पहिली कुदळ आम्ही मारली. पुढची कुदळ तुमची आहे.” टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत भौरम्मा टाळ्या वाजवत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती, मेंढपाळाची पोर रान बघते तशी.

“मुरूम हाय,” ती म्हणाली. “खोदाय जड जाणार न्हाय.”

पुढच्या सकाळी तास सुरू व्हायच्या आधी ती कुदळ घेऊन आली. रिबिनीची नव्हे, घरची. एस.टी.त आणायला वाहकाने कुरकुर केली म्हणाली. तिच्याबरोबर रोज गावाकडून येणाऱ्या आणखी मुली होत्या, माढ्याकडच्या, अक्कलकोटकडच्या, सगळ्या शेतातल्या. श्रमदानाची सवय महाविद्यालयानेच लावली होती, नाहीतर आम्हाला गावोगावचे रस्ते झाडायला कोण नेत होते. फक्की अजून ताजी होती. त्यांनी ओढण्या कमरेला बांधल्या आणि आखणीवरून चर खणायला घेतला. मीही घमेले उचलले. प्राध्यापक येताजाता कौतुकाने बघत होते. त्यांना वाटले, हाही कार्यक्रमाचाच भाग असेल. दुपारपर्यंत चर गुडघाभर झाला होता आणि दुसऱ्या दिवशी संगणक विभागाच्या काचेच्या दारापासून फाटकापर्यंत मामांच्या सतरंज्यांचे सगळे चौकोन जमिनीत उतरले होते.

तेव्हा अध्यक्षसाहेबांची मोटार आली आणि चराच्या काठाशी थांबली. साहेब उतरले. मागून प्राचार्य आणि मामा धावत आले.

“हे काय चाललंय?”

“वसतिगृह, साहेब,” भौरम्मा चरातूनच म्हणाली.

“इथं?”

“पूजा हितंच झाली की.”

“अगं, ती पूजा कार्यक्रमापुरती होती.”

भौरम्माने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. “आमच्यात पूजा तशी नसतीय, साहेब. केली म्हंजे केली.”

साहेबांनी मामांकडे पाहिले, मामांनी प्राचार्यांकडे, प्राचार्यांनी बागेतल्या माळ्याकडे. माळ्याकडून पुढे पाहायला कोणी नव्हते. साहेब त्याला म्हणाले, “बुजव ते.” माळ्याने फावडे उचलले, चरात डोकावले. कोपऱ्यात अजून हळदकुंकू होते, सुपारी होती, फुटलेल्या नारळाची करवंटी होती. त्याने फावडे खाली ठेवले.

“काय झालं?”

“साहेब, हळदकुकू वाहिलेल्या खड्ड्यात माती लोटायची म्हंजे…”

“म्हणजे काय?”

“म्हंजे, तसं दुसऱ्याच कार्यात करत्यात की.”

साहेब पुढच्या निवडणुकीला उभे राहणार होते आणि त्यांनी नकळत चराच्या काठापासून एक पाऊल मागे घेतले. प्राचार्य हळूच म्हणाले की बुजवण्याची निविदा काढता येईल. फाटकासमोर चहा प्यायला येणारा एका वर्तमानपत्राचा वार्ताहर गर्दी बघून आत आला होता. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता. साहेबांना तो दिसला. ते घाईने म्हणाले, “विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी कोण आहे? त्याला कारभारातल्या अडचणी माहीत आहेत. त्याने सांगावं.”

“मी, साहेब,” मी म्हणाले. माझ्या डोक्यावर घमेले होते.

मामांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत सगळे होते, दीड खोली, नोकरी, शालींचे अभ्रे, माझ्या बापाशी असलेले नाते. भौरम्माही पाहत होती. तिच्या नजरेत एस.टी. होती.

“बोला,” साहेब म्हणाले. “या विषयावर तुमचं काय म्हणणं आहे?”

“मी आनंद व्यक्त करते, साहेब.”

मागांच्या शेजारी वाढलेला आवाज होता, फाटकापर्यंत गेला. चरातल्या मुली हसायला लागल्या, मग माळी, मग प्राचार्यांनी रुमाल तोंडाला लावला. वार्ताहराने विचारले, “साहेब, मुलींनी स्वतः पाया खोदला, ही कल्पना आपलीच का?” साहेब जात्याच हुशार. त्यांनी क्षणभर चराकडे पाहिले, क्षणभर कॅमेऱ्याकडे, आणि म्हणाले, “परवाच मी म्हटलं होतं. पुढची कुदळ तुमची.” मग त्यांनी घमेल्याला हात लावून फोटो काढून घेतला. घमेले माझ्या डोक्यावरच होते.

फोटो छापून आल्यावर कोणालाच मागे फिरता येईना. मुंबईच्या पाहुण्यांना कळले की त्यांचे वसतिगृह सुरूही झाले. त्यांनी निधीचा पहिला हप्ता सोडला, कारण आता नाही म्हणणे अवघड होते. खड्डा कोणाचा हा प्रश्न एरवी वर्षानुवर्षे चालला असता, पण या खड्ड्यावर संस्था, सरकार आणि विद्यापीठ तिघांनीही लगेच हक्क सांगितला. घरी मामा त्या संध्याकाळी माझ्याकडे पाठ करून जेवायला बसले. आत्याने ताटात शेंगाचटणी वाढली आणि म्हणाली, “पोरींवर कशाला रागावताय? खड्डा आखला कुणी? तुमीच की.” मामा म्हणाले, “कार्यक्रमापुरता आखला होता.” त्यांना शेवटपर्यंत त्याचे वाईट वाटत राहिले. फसवल्याचे नव्हे, तर कार्यक्रम अजून संपला नाही याचे.

दिवाळीआधी भौरम्माचे अप्पा तिला न्यायला आले. खांद्यावर घोंगडे, हातात काठी. तिने त्यांना सरळ चरापाशी आणले. अप्पा उकिडवे बसले, काठी आत घालून खोली बघितली, मुरूम बोटांत चुरला. बऱ्याच वेळाने विचारले, “सरकारी हाय?”

“व्हय,” मी म्हणाले.

“तू कोण?”

“समितीतली.”

समितीतल्या माणसाकडे कोणी इतक्या विश्वासाने पाहताना मी पुन्हा कधी पाहिले नाही. ते मुलीला म्हणाले, “पाया पडलाय म्हंजे भिंत येतीय. तवर हिच्या घरात ऱ्हा.” आणि एकटेच परत गेले.

तेव्हापासून दीड खोलीत आम्ही चौघे झालो. भौरम्माला मागांच्या आवाजात झोप यायची नाही, मग यायची, मग गावी गेली की आवाज नाही म्हणून यायची नाही. तिच्या प्रयोगांवरचा “अपूर्ण” हा शेरा गेला. वसतिगृह आमच्या शेवटच्या वर्षी उभे राहिले, दारे बसली नव्हती तरी ती पहिल्याच दिवशी आत्याची चादर दाराला टांगून तिथे राहायला गेली. त्याच खोलीत अभ्यास करून ती विद्यापीठात वरच्या नंबरात आली. सत्कारात नारळ मिळाला. तो तिने आत्याला आणून दिला आणि आत्याने तो, आयुष्यात पहिल्यांदा, काही न बोलता वाटला.

भौरम्मा पुढे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली. रोज सकाळी मला फुलांचे चित्र पाठवते आणि खाली आपले एखादे खोचक वाक्य. गेल्या वर्षी वसतिगृहाचा मोठा समारंभ झाला, तेव्हा आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. मामा आता नाहीत, मंडप कोणा कंपनीने टाकला होता. अध्यक्षसाहेबांचे चिरंजीव आता अध्यक्ष आहेत, त्यांनी त्याग आणि पाया यांवर चांगले भाषण केले. मूल्यांकनासाठी आलेल्या बाहेरच्या समितीने इमारत पाहून विचारले की खोल्यांचे हे माप कुठल्या निकषानुसार आहे आणि इमारत तिरकी का आहे. प्राचार्यबाईंनी सांगितले की रचना विद्यार्थिनीकेंद्रित आहे. समितीने तसे लिहून घेतले. खरी गोष्ट अशी आहे, की चर आधी झाला आणि इंजिनियर नंतर आला, आणि तो म्हणाला, खणलंच आहे तर त्याचाच नकाशा काढू.

त्या खोल्यांत पलंग ठेवला तर दार उघडत नाही. सतरंजी मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेमकी बसते.